मुतखडा झाल्यास काय करावे: पहिल्या कळेपासून पुढच्या तपासणीपर्यंत

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकू लागला की मुतखड्याच्या तक्रारी वाढतात. घामावाटे पाणी निघून जाते, लघवी कमी आणि दाट होते, आणि तिच्यात विरघळलेले क्षार स्फटिकरूपाने बाहेर पडू लागतात. यात नवे काही नाही. परंतु मुतखडा झालेल्या माणसाशी बोलताना एक गोष्ट वारंवार जाणवते, ती म्हणजे तो आपल्या आजाराचे गांभीर्य कळेवरून ठरवत असतो. कळ उठली की तो घाबरून मिळेल त्या डॉक्टरकडे धावतो आणि कळ थांबली की खडा गेला असे समजून पुढची तपासणी टाळतो. प्रत्यक्षात तीन मिलिमीटरचा खडा माणसाला गडाबडा लोळायला लावतो, आणि तीन सेंटिमीटरचा खडा मूत्रपिंडात वर्षानुवर्षे एका शब्दानेही न बोलता बसून राहू शकतो. खडा किती मोठा आहे, कुठे आहे आणि त्याने लघवीची वाट अडवली आहे का, या तीन प्रश्नांवर सगळे उपचार ठरतात. हे तीन प्रश्न मनात ठेवून पहिल्या कळेपासून पुढच्या तपासणीपर्यंतची माहिती या लेखात क्रमाने दिली आहे.

कळ कशामुळे येते

मूत्रपिंडात तयार झालेली लघवी सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर लांबीच्या मूत्रवाहिनीतून मूत्राशयात उतरते. ही नळी आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असते आणि तीन ठिकाणी आणखी निमुळती होते: मूत्रपिंडातून निघते तिथे, ओटीपोटात मोठ्या रक्तवाहिन्यांना ओलांडते तिथे, आणि मूत्राशयात शिरते तिथे. मूत्रपिंडात स्वस्थ पडलेला खडा सहसा दुखत नाही. तो या नळीत उतरून एखाद्या अरुंद जागी अडकला की त्याच्यामागे लघवी तुंबते, मूत्रपिंडावर ताण येतो आणि कळ सुरू होते. ती कुशीत, बरगड्यांच्या खाली मागच्या बाजूला उठते आणि पोटातून जांघेकडे, पुरुषांमध्ये अंडकोषापर्यंत उतरते. खडा मूत्राशयाच्या तोंडाशी आला की पुन्हा पुन्हा लघवीला जावेसे वाटते, पण लघवी थेंब थेंब होते. याच लक्षणाला अनेक घरांत ‘उन्हाळी लागली’ म्हणून सब्जाच्या पाण्यावर सोडून दिले जाते.

कंबर भरून येणे आणि मुतखड्याची कळ यांतला फरक बहुतेक वेळा माणसाच्या हालचालीवरून ओळखता येतो. स्नायूंचे दुखणे असेल तर माणूस एका कुशीवर निपचित पडतो, कारण हलले की दुखते. मुतखड्याच्या कळेत कोणत्याही स्थितीत आराम पडत नाही, त्यामुळे तो उठतो, बसतो, येरझारा घालतो. मळमळ आणि उलटी बहुधा सोबत असते.

पूर्ण अडथळा असतानासुद्धा काही काळाने कळ ओसरू शकते, कारण तुंबलेल्या बाजूचे मूत्रपिंड हळूहळू लघवी कमी तयार करू लागते आणि आतला दाब उतरतो. म्हणजे खडा जागच्या जागी असतो, मूत्रपिंडाचे नुकसान चालू असते, आणि रुग्ण मात्र बरे वाटते म्हणून कामावर जातो. हा एक मुद्दा लक्षात राहिला तरी या लेखाचे बरेचसे काम झाले असे मी समजेन.

पहिल्या रात्री काय करावे

कळ बहुधा रात्री किंवा पहाटे उठते, आणि तेव्हा घरात जो तो आपापला उपाय सुचवू लागतो. त्यांतला सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे घटाघट तांब्याभर पाणी पिऊन खडा ‘ढकलून’ काढणे. अडकलेला खडा अशा पाण्याने ढकलला जात नाही. उलट अडथळ्यामागचा दाब वाढून कळ तीव्र होऊ शकते, आणि मळमळ असेल तर प्यालेले सगळे पाणी बाहेर येते. तहान लागेल तेवढे, घोट घोट पाणी पुरे. भरपूर पाण्याचे महत्त्व मोठे आहे, पण ते खडा होऊ नये म्हणून.

वेदनेसाठी डायक्लोफेनॅकच्या गटातील औषधे या कळेवर सर्वांत चांगली लागू पडतात आणि जगभर प्रथम तीच वापरली जातात. मात्र ती स्वतःच्या मनाने घेण्याची औषधे नव्हेत. मूत्रपिंडाचा जुना आजार, पोटात व्रण, रक्त पातळ करणारी गोळी, दमा किंवा गर्भावस्था यांपैकी काहीही असेल तर ती धोक्याची ठरू शकतात. पोट शेकल्याने थोडा आराम मिळतो आणि त्यात काही बिघडत नाही.

काही परिस्थितींत मात्र सकाळची वाट पाहू नये. थंडी वाजून ताप येणे हे त्यांतले सर्वांत धोकादायक लक्षण आहे. अडलेल्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाला की काही तासांत तो रक्तात पसरू शकतो, आणि तेव्हा नुसत्या प्रतिजैविकांनी भागत नाही. तुंबलेली लघवी मोकळी करण्यासाठी आतून स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची मऊ नळी) किंवा पाठीतून नळी तातडीने घालावी लागते. खडा काढण्याचे काम नंतर, संसर्ग आटोक्यात आल्यावर होते. लघवी पूर्ण बंद होणे, एकच मूत्रपिंड असणे, दोन्ही बाजूंना कळ असणे, गर्भावस्था, आणि औषध पोटात टिकणार नाही इतक्या उलट्या, ही तातडीची इतर कारणे. अशा वेळी जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. स्वतःची सोय नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

प्रत्येक कळ मुतखड्याची असतेच असेही नाही. उजवीकडे आंत्रपुच्छाचा (अपेंडिक्सचा) दाह, स्त्रियांमध्ये बीजांडकोशाला पीळ पडणे किंवा गर्भनलिकेत गर्भ राहणे, तरुण मुलांमध्ये अंडकोषाला पीळ पडणे ही दुखणी सुरुवातीला अशीच वाटू शकतात आणि त्यांत वेळ घालवून चालत नाही. पन्नाशी-साठीपुढच्या माणसाला आयुष्यात प्रथमच अशी कळ आली तर पोटातील महारोहिणीचा, म्हणजे हृदयाकडून येणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीचा, फुगवटा नाही ना, हे डॉक्टर आवर्जून पाहतात. म्हणून ‘मागच्या वेळी हेच होते’ या भरवशावर जुनी चिठ्ठी दाखवून औषध आणण्याची सवय बरी नव्हे.

तपासण्या, आणि रिपोर्ट कसा वाचावा

पहिली तपासणी बहुधा सोनोग्राफीची होते. ती स्वस्त आहे, तिच्यात क्ष-किरण नसतात आणि मूत्रपिंड फुगले आहे का हे ती चांगले दाखवते. तिच्यासाठी लघवी धरून जावे लागते, कारण भरलेल्या मूत्राशयामागे मूत्रवाहिनीचे शेवटचे टोक दिसते. मात्र मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातील खडा आतड्यांतल्या हवेआड लपतो आणि सोनोग्राफीत सुटू शकतो. म्हणून संशय राहिला, किंवा शस्त्रक्रियेचा विचार चालला असला, तर औषध न टोचता केलेला सीटी स्कॅन सांगितला जातो. तो जवळपास प्रत्येक प्रकारचा खडा दाखवतो. साध्या एक्स-रेत कॅल्शियमचे खडे दिसतात, यूरिक अॅसिडचे दिसत नाहीत. यांच्या जोडीला लघवीची तपासणी, जंतूंसाठी कल्चर आणि रक्तातील क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते कळते) या तपासण्या कराव्याच लागतात. लघवीत रक्त सापडले तर निदानाला बळकटी येते, पण ते सापडले नाही म्हणून खडा नाही असे ठरत नाही.

आता रिपोर्ट. समजा त्यात असे लिहिले आहे: ‘लेफ्ट किडनी शोज अ ५ एमएम कॅल्क्युलस इन लोअर कॅलिक्स. अ ७ एमएम कॅल्क्युलस अॅट लेफ्ट व्हीयूजे, विथ माइल्ड हायड्रोयूरेटरोनेफ्रोसिस.’ रुग्णाची नजर ‘दोन खडे’ या गोष्टीवर खिळते. पण या दोन खड्यांची गोष्ट अगदी वेगळी आहे. पहिला खडा मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात निवांत बसला आहे. त्याने काही अडवलेले नाही आणि आजची कळ त्याची नाही. दुसरा मूत्रवाहिनी मूत्राशयाला मिळते त्या अरुंद तोंडाशी येऊन थांबला आहे आणि त्याच्यामुळे वरची नळी व मूत्रपिंड किंचित फुगले आहे. उपचार आज या दुसऱ्या खड्याचा करायचा आहे. ‘माइल्ड’च्या जागी ‘मॉडरेट’ किंवा ‘ग्रॉस’ असते तर निर्णय लवकर घ्यावा लागला असता. पहिल्या खड्यासाठी सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून तो वाढतो आहे का एवढे पाहणे बहुधा पुरते.

सोनोग्राफीत लहान खड्याचे माप प्रत्यक्षापेक्षा थोडे मोठे येते, हेही ध्यानात ठेवावे. दोन-तीन मिलिमीटरची ‘कॉन्क्रीशन’ किंवा ‘क्रिस्टल’ असे रिपोर्टात लिहिलेले असले आणि तक्रार काहीच नसली, तर त्यावर औषधांचा कोर्स सुरू करण्याचे कारण नसते. आरोग्य तपासणीच्या पॅकेजांमधून अशी कितीतरी ‘क्रिस्टल’ सापडतात आणि निष्कारण झोप उडवतात.

वाट कधी पाहावी

पाच मिलिमीटरपेक्षा लहान असलेले बहुतेक खडे आपोआप पडतात. पाच ते दहा मिलिमीटरच्या टप्प्यात ही शक्यता आकारागणिक कमी होत जाते, आणि दहाच्या पुढे ती फारशी उरत नाही. खडा मूत्राशयाच्या जितका जवळ, तितका तो पडण्याचा संभव अधिक. म्हणून ताप नाही, कळ औषधाने आटोक्यात राहते, क्रिएटिनिन ठीक आहे आणि खडा लहान आहे, अशा माणसाला काही आठवडे वाट पाहायला सांगणारा डॉक्टर हलगर्जी करत नसतो, तो योग्य तेच सांगत असतो. मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातील पाच ते दहा मिलिमीटरच्या खड्यासाठी टॅम्सुलोसिन हे औषध दिले जाते. ते नळीचे स्नायू सैल करते. त्याने उभे राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून ते रात्री झोपताना घ्यायला सांगतात.

मात्र ही वाट पाहणे बेमुदत नसते. दोन आठवड्यांच्या आसपास पुन्हा तपासणी व्हावी आणि खडा पडला नसेल तर चार ते सहा आठवड्यांच्या पुढे थांबू नये, कारण तेवढ्या काळाच्या अडथळ्याने मूत्रपिंडाला कायमची इजा होऊ शकते. कळ थांबली आणि खडा हाती लागला नाही, तर सोनोग्राफी करून खात्री करून घ्यावी.

खडा हाती लागावा यासाठी त्या दिवसांत प्रत्येक वेळी लघवी एखाद्या जुन्या प्लॅस्टिकच्या मगात करून चहाच्या गाळणीतून किंवा मलमलीच्या दुहेरी कापडातून गाळावी. ती गाळणी अर्थातच नंतर टाकून द्यायची. सापडणारा खडा अनेकदा निराश करणारा असतो: तिळाएवढा, तपकिरी, खरखरीत, बोटाला टोचणारा. एवढ्याशा वस्तूने इतका छळ केला यावर घरच्यांचा विश्वास बसत नाही. तो धुवून, कोरडा करून, छोट्या डबीत ठेवावा आणि पृथक्करणासाठी प्रयोगशाळेत द्यावा. ही साधी गोष्ट क्वचितच कोणी करते, आणि पुढचा खडा टाळण्यासाठी सर्वांत उपयोगी माहिती तिच्यातूनच मिळते.

खडा काढण्याच्या पद्धती

पोट उघडून खडा काढण्याची वेळ आता फार थोड्या रुग्णांवर येते. सुश्रुतसंहितेत मूत्राशयातील अश्मरी छेद घेऊन काढण्याची रीत दिली आहे, आणि तिथेच असे बजावले आहे की शस्त्रक्रिया न केली तर मृत्यू निश्चित आणि केली तर संशय, म्हणून वैद्याने आधी राजाची अनुमती घ्यावी. आज संमतिपत्रावर सही करताना धास्तावणाऱ्या नातेवाइकांना ही परंपरा किती जुनी आहे हे कळले तर कदाचित थोडा धीर येईल.

सध्या मुख्य पद्धती तीन आहेत. पहिल्या पद्धतीत शरीराबाहेरून आघातलहरी सोडून खड्याचा चुरा करतात; १९८० साली जर्मनीतील म्युनिक येथे ती रुग्णावर प्रथम वापरली गेली. यात कापाकापी नसते आणि रुग्ण सहसा त्याच दिवशी घरी जातो. पण चुरा लघवीवाटे रुग्णालाच बाहेर टाकावा लागतो, कधी एकाहून अधिक बैठका लागतात, आणि कधी तुकड्यांची रांग नळीत अडकून नवीच कळ सुरू होते. खडा फार टणक असेल, मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात असेल किंवा रुग्ण खूप स्थूल असेल तर यश कमी मिळते. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात खड्याची घनता हाउन्सफिल्ड एककात दिलेली असते. ती हजाराच्या पुढे असेल तर हा मार्ग सहसा टाळतात. गर्भवती स्त्रिया आणि रक्त गोठण्याचा विकार असलेले रुग्ण यांच्यावर ही पद्धत वापरत नाहीत.

दुसरी पद्धत दुर्बिणीची. लघवीच्या नैसर्गिक मार्गाने बारीक दुर्बीण आत नेऊन लेझरने खडा फोडतात. मूत्रवाहिनीतील खड्यासाठी ताठ दुर्बीण पुरते, मूत्रपिंडातील खड्यासाठी वळणारी, लवचीक दुर्बीण लागते, आणि या दुसऱ्या प्रकाराचा खर्च बराच अधिक असतो. अंगावर कुठेही व्रण राहत नाही आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या खड्यांसाठी हा मार्ग आता सर्रास वापरला जातो. ‘लेझर’ हा शब्द ऐकला की वेदना नाही, भूल नाही, दवाखान्यात राहणे नाही अशी समजूत होते; ती खरी नाही. भूल द्यावीच लागते.

तिसऱ्या पद्धतीत पाठीतून सुमारे एक सेंटिमीटरचे, किंवा नव्या ‘मिनी’ प्रकारात त्याहूनही लहान छिद्र करून थेट मूत्रपिंडात शिरतात. दोन सेंटिमीटरहून मोठे खडे, तसेच मूत्रपिंडाच्या सगळ्या कप्प्यांत शिंगांसारखे पसरलेले खडे यांच्यासाठी ही पद्धत सर्वांत योग्य मानतात, कारण एकाच वेळी जास्तीत जास्त खडा निघतो. रक्तस्राव आणि संसर्ग यांचा धोका इतर दोन पद्धतींपेक्षा अधिक असतो आणि दोन-तीन दिवस रुग्णालयात राहावे लागते.

डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न मोजके आहेत. माझ्या खड्यासाठी ही पद्धत का, दुसरी का नाही? एकाच वेळी काम होईल की पुन्हा यावे लागेल? थांबलो तर काय बिघडेल? या प्रश्नांनी चिडणाऱ्यापेक्षा सीटी स्कॅनची फिल्म उजेडावर धरून उत्तर देणाऱ्या डॉक्टरकडे जावे, आणि शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर दुसऱ्या मूत्रविकारतज्ज्ञाचे मत घेण्यात संकोच करू नये.

स्टेंटची तारीख

शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक मऊ नळी अनेकदा ठेवतात, तिला डीजे स्टेंट म्हणतात. ती असेपर्यंत लघवीची वारंवारता वाढते, लघवी करताना कुशीत दुखते, आणि पायऱ्या चढल्यावर किंवा दुचाकीवर फिरल्यावर लघवी लालसर होते. हे अपेक्षित आहे. ताप मात्र अपेक्षित नाही. ही नळी काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत ठेवतात आणि साधारण तीन महिन्यांच्या आत ती काढायची किंवा बदलायचीच असते. विसरलेल्या स्टेंटवर क्षारांचे थर चढतात, तो आतच रुतून बसतो, आणि तो काढणे मूळ खडा काढण्याहून अवघड होऊन जाते. मुतखड्याच्या उपचारातील हा सर्वांत टाळण्याजोगा अपघात आहे. घरी परतताच स्टेंट काढण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहावी आणि घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवावी. डिस्चार्ज कार्डावर स्टेंटचा उल्लेख आहे का, हे रुग्णालय सोडण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

खडा कशाचा होता

दर दहा खड्यांपैकी सात-आठ कॅल्शियमचे, त्यांतही बहुतांश कॅल्शियम ऑक्सलेटचे असतात (ऑक्सलेट म्हणजे पालक, अळू अशा पदार्थांतून शरीरात येणारा एक क्षार). यूरिक अॅसिडचे खडे त्यामानाने कमी. ते मधुमेह, स्थूलता आणि गाउट (यूरिक अॅसिड वाढून होणारी सांधेदुखी) असलेल्यांमध्ये जास्त आढळतात, कारण त्यांची लघवी अधिक आम्लधर्मी असते. आणि औषधाने खरोखर विरघळतात ते हेच. पोटॅशियम सायट्रेटने लघवीची आम्लता कमी केली की काही आठवडे ते काही महिन्यांत ते नाहीसे होऊ शकतात. हे औषध मूत्रपिंड निकामी असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना धोक्याचे असल्यामुळे रक्तातील पोटॅशियम तपासूनच ते द्यावे लागते. वारंवार होणाऱ्या मूत्रमार्गाच्या संसर्गातून होणारे खडे स्त्रियांत अधिक दिसतात आणि गुपचूप प्रचंड वाढतात. सिस्टीन या अमिनो आम्लाचे खडे आनुवंशिक व दुर्मीळ.

खडे पुन्हा पुन्हा होत असतील, दोन्ही बाजूंना असतील, लहान मुलाला झाले असतील किंवा मूत्रपिंड एकच असेल, तर रक्तातील कॅल्शियम व यूरिक अॅसिड आणि २४ तासांची साठवलेली लघवी तपासावी. रक्तातील कॅल्शियम वाढलेले निघाले तर गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथीचा विकार शोधावा लागतो. तो सापडला नाही तर खडे कितीही वेळा काढले तरी पुन्हा होतच राहतात.

पाणी, मीठ, दूध आणि अळू

एकदा खडा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना पाच ते दहा वर्षांत तो पुन्हा होतो. हे टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय पाणीच आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका अभ्यासात पहिला खडा झालेल्या १९९ रुग्णांना दोन गटांत विभागून पाच वर्षे पाहिले गेले. भरपूर पाणी पिणाऱ्यांत १२ टक्क्यांना, तर इतरांत २७ टक्क्यांना पुन्हा खडा झाला.

किती पाणी प्यावे यापेक्षा किती लघवी व्हावी हे ठरवणे सोपे: दिवसाला दोन ते अडीच लिटर. सुट्टीच्या एका दिवशी सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची लघवी मोजून पाहिली की आपण नेमके कुठे आहोत ते कळते, आणि आपण ‘भरपूर पाणी पितो’ अशी ज्यांची खात्री असते त्यांची ती बहुधा तिथेच मोडते. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाण्याचे बंधन आहे, त्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच करावे. रात्री झोपताना एक ग्लास पाणी आवर्जून घ्यावे, कारण लघवी रात्रीच सर्वांत दाट होते. रिक्षाचालक, चौकात उभे राहणारे वाहतूक पोलीस, भट्टीजवळचे कामगार यांना उन्हाळ्यात यापेक्षा कितीतरी जास्त पाणी लागते. हिंजवडीतल्या गारेगार कार्यालयात तहानच लागत नाही, हे दुसरे टोक. आणि बाजारपेठेतील दुकानांत दिवसभर उभ्या असणाऱ्या मुली व बायका स्वच्छ स्वच्छतागृह जवळ नाही म्हणून मुद्दाम पाणी पीत नाहीत. त्यांना ‘पाणी प्या’ असा सल्ला देणे सोपे आणि निरुपयोगी आहे. पालखीबरोबर दिवे घाट चढणाऱ्या वारकऱ्यांमध्येही पाऊस आहे, घाम दिसत नाही, म्हणून पाणी विसरणारे पुष्कळ असतात. पाणी टँकरचे जड आहे की धरणाचे हलके, याची चर्चा सोसायटीच्या बैठकांत रंगते. पाण्याच्या जडपणापेक्षा ते पुरेसे प्यायले जाते का हे अधिक महत्त्वाचे.

दूध बंद करण्याचा सल्ला मात्र ताबडतोब विसरावा. खडा कॅल्शियमचा, म्हणून कॅल्शियम सोडा, हे तर्काला पटते पण शरीराला पटत नाही. अन्नातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला बांधून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते. दूध-दही सोडले की ते ऑक्सलेट मोकळेपणाने रक्तात आणि तिथून लघवीत उतरते. १९९३ साली अमेरिकेतील ४५ हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीत आहारातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झाल्याचे दिसले. २००२ साली इटलीतच, लघवीतून जास्त कॅल्शियम जाणाऱ्या १२० पुरुषांवर झालेल्या अभ्यासात कॅल्शियम कमी केलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला; नेहमीइतके कॅल्शियम पण मीठ व मांसाहार कमी अशा गटातील ६० पैकी १२ जणांना. कॅल्शियमच्या गोळ्या हा वेगळा विषय आहे. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, आणि घ्यायच्या झाल्यास जेवणासोबत घ्याव्यात.

मीठ हा खरा चोर. जास्त मिठाबरोबर लघवीतून कॅल्शियमही जास्त जाते. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर मीठ ही मर्यादा. आणि आपल्या ताटात भाजी-आमटीखेरीज लोणचे, पापड, ठेचा, फरसाण अशा डाव्या-उजव्या बाजूंनी ते येतच असते.

ऑक्सलेटचे खडे असणाऱ्यांनी पालक, अळू, बीट, रताळे, राजगिरा, बदाम-काजू, शेंगदाणे आणि चॉकलेट जपून खावे. उपवासाच्या दिवशी यांतले निम्मे पदार्थ एकत्र पोटात जातात, आणि पाणी कमी. निर्जळी उपवास तर मुतखडा झालेल्याने करूच नये. अमृततुल्यच्या दोन कटांवरून कोणी आजारी पडत नाही, पण दिवसाला आठ-दहा कट चहा हा ऑक्सलेटचा चांगलाच पुरवठा आहे. आपल्या स्वयंपाकात मात्र एक उत्तम रीत आधीपासून आहे: ताकातला पालक. ताकातील कॅल्शियम पालकातील ऑक्सलेटला आतड्यातच अडवते. पालक उकडून पाणी टाकून दिले तर ऑक्सलेट आणखी कमी होते. टोमॅटोला उगीचच बदनाम केले आहे. त्यात ऑक्सलेट फारसे नसते. लिंबातील सायट्रेट खडा होण्याला अटकाव करते, म्हणून साखर-मीठ न घालता दिवसातून एक-दोनदा लिंबूपाणी घ्यावे. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या शरीरात ऑक्सलेट वाढवतात, त्या टाळाव्यात.

कुळथाचे कढण, पानफुटी, बिअर

हुलग्याचे शेंगोळे आणि कुळथाचे कढण पौष्टिक आहे, ते आनंदाने खावे. पण कॅल्शियम ऑक्सलेटचा तयार झालेला खडा विरघळवणारे औषध आधुनिक वैद्यकाकडे नाही, आणि कुळथाने किंवा पानफुटीच्या पानांनी तो विरघळतो असे खात्रीने सिद्ध झालेले नाही. मग इतक्या लोकांना गुण कसा येतो? बहुतेक लहान खडे आपोआपच पडतात, त्यामुळे त्या पंधरा दिवसांत जे काही घेतले असेल त्याला श्रेय मिळते. कढणातून पाणी पोटात जाते, एवढा त्याचा फायदा नक्की. बिअरने लघवी वाढते, पण शरीरातले पाणी कमी होते आणि यूरिक अॅसिड वाढते. तिला औषध म्हणणे ही पिणाऱ्याची सोय आहे. घरगुती उपाय करताना खडा मोठा नाही आणि अडथळा नाही एवढे सोनोग्राफीने ठरवून घ्यावे, मग कढण पिण्याला कोणाची हरकत नसावी.

खर्च आणि कागद

खासगी रुग्णालयात खर्च पद्धत, खोली आणि लेझरच्या प्रकारानुसार खूप बदलतो, म्हणून अंदाजपत्रक लेखी मागावे आणि स्टेंट व तो काढण्याचा खर्च त्यात धरला आहे का ते विचारावे. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात खर्च पुष्कळच कमी येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रविकारांच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो, त्याला शिधापत्रिका व आधार कार्ड दाखवून दाखल होण्यापूर्वीच मंजुरीची चौकशी करावी. खासगी आरोग्य विमा नवा असेल तर मुतखड्यासाठी प्रतीक्षाकाळ असतो, बऱ्याच पॉलिसींत तो दोन वर्षांचा आहे. तो संपला आहे का हे शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वी पाहावे.

खडा पडल्यावर किंवा काढल्यावर सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी एकदा सोनोग्राफी करावी, शक्यतो त्याच केंद्रात, म्हणजे मापांची तुलना करता येते. जाताना आधीचे सगळे रिपोर्ट, खड्याच्या पृथक्करणाचा कागद आणि डिस्चार्ज कार्ड एकाच फायलीत घालून सोबत न्यावे. पाच मिलिमीटरचा खडा दोन वर्षे पाचच मिलिमीटर आहे की तीनाचा पाच झाला आहे, हे डॉक्टरांना त्या फायलीवरूनच कळते.